पाळीची आई, परघरची मुलगी आणि तीस तास



गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक बाई छत्री मिटीत पडवीत आल्या आणि काही न बोलता त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांची बावीस वर्षांची मुलगी त्या वर्षीच जर्मनीस गेली होती. निरोप अगदी तीन ओळींचा होता. "आई, काल रात्री बाळ तापाने फणफणले. घरात मी एकटीच. मालकीणबाई रातपाळीला. काय करावे ते सुचेना." बाईंनी विचारले, "फादर, पोरीला आम्ही शिकायला पाठवली, की आया म्हणून?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र तितके सरळ नव्हते. ती मुलगी आया म्हणून गेली नव्हती हे खरे. आणि तिच्याकडून घेतले जाणारे काम आयेपेक्षा कमी नव्हते, हेही तितकेच खरे. असे का झाले, त्यात दोष कोणाचा आणि तो पुढे कसा निस्तरला, हे सांगण्याचे योजिले आहे. आपल्या खेड्यांतील मुली आता गोवा, बेळगाव, पुणे येथे जर्मन भाषेचे वर्ग करू लागल्या आहेत. उद्या हाच प्रश्न आणखी कोणाच्या दारी येईल.

"ओ पेर" म्हणजे काय?

हा शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ "बरोबरीच्या नात्याने". एखादी तरुण व्यक्ती परदेशात एका कुटुंबात घरच्या माणसासारखी राहते. तेथील भाषा व रीतभात शिकते. आणि त्या बदल्यात मुलांची देखभाल व हलके घरकाम ह्यांत हातभार लावते. कुटुंब तिला राहावयास स्वतंत्र खोली, जेवण आणि हातखर्चाची रक्कम देते. ह्या प्रथेला नियमांची चौकट असावी म्हणून युरोप परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे एक करार तयार केला. मोजक्याच राष्ट्रांनी तो रीतसर मान्य केला, तरी त्यातील विचार मोलाचा आहे. अशी व्यक्ती निव्वळ विद्यार्थी नव्हे आणि निव्वळ कामगारही नव्हे, दोहोंचे काही गुण असलेली तिची एक वेगळीच जात आहे, असे त्या कराराच्या आरंभीच म्हटले आहे. दिवसाला साधारणपणे पाच तासांहून अधिक काम नको, आठवड्यातून एक संपूर्ण दिवस मोकळा हवा, महिन्यातून निदान एकदा तो दिवस रविवार असावा आणि आपल्या धर्माच्या उपासनेस जाण्याची तिला पूर्ण मुभा असावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

जर्मनीने हा करार मंजूर केलेला नाही. तथापि तेथील नियम त्याच वळणाचे आहेत, आणि ते प्रत्येक आईबापांनी पाठ करावेत असे आहेत. परवान्यासाठी अर्ज करताना मुलीचे वय अठरा पूर्ण असावे व सत्तावीस पूर्ण झालेले नसावे. जर्मन भाषेची पहिली पायरी तिला यावयास हवी. मुक्काम जास्तीत जास्त एक वर्षाचा. काम आठवड्याला तीस तासांपेक्षा अधिक नाही आणि एका दिवसात सहा तासांपेक्षा अधिक नाही. मुलांजवळ नुसते घरी बसून राहणे, हेही कामच धरले जाते. आठवड्यातून दीड दिवस व निदान चार संध्याकाळी मोकळ्या हव्यात, आणि महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण मोकळा हवा. वर्षभर राहणाऱ्या मुलीला चार आठवड्यांची भरपगारी म्हणतात तशी रजा, म्हणजे हातखर्च चालू ठेवून रजा मिळते. मुक्काम त्याहून कमी असल्यास प्रत्येक पुऱ्या महिन्यामागे कामाचे दोन दिवस. हातखर्च महिना २८० युरो, आणि भाषेच्या वर्गासाठी कुटुंबाने वेगळी मदत द्यावयाची. आजारपण, बाळंतपण व अपघात ह्यांचा विमा कुटुंबानेच उतरावयाचा. खोली निदान आठ चौरस मीटरची, खिडकी असलेली व थंडीत ऊब देणारी हवी.

सगळीकडे हेच नियम आहेत असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत आठवड्याला पंचेचाळीस तासांपर्यंत व दिवसाला दहा तासांपर्यंत काम चालते, आणि रजा दोनच आठवड्यांची असते. ब्रिटनमध्ये ह्या नावाचा वेगळा परवाना आता उरलेला नाही. घरात राहणाऱ्या अशा व्यक्तींना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळणारी सवलतही तेथे १ एप्रिल २०२४ पासून रद्द झाली. नॉर्वेने तर ही योजनाच २०२४ साली बंद केली. नियम देशागणिक व वर्षागणिक बदलतात. मुलीला पाठविण्यापूर्वी त्या त्या देशाच्या वकिलातीचा चालू नियम पाहणे हे पहिले काम होय.

पाळी नावाची अडचण

आता मूळ गोष्टीकडे वळू.

ज्या घरी ही मुलगी राहिली ते घर वाईट नव्हते. आई एका मोठ्या इस्पितळात परिचारिका. वडील लांब पल्ल्याची मालगाडी रस्त्याने हाकणारे, म्हणजे सोमवारी पहाटे जावयाचे व शुक्रवारी सायंकाळी परतावयाचे. मुले दोन, एक सात वर्षांचे, शाळेत जाणारे, व दुसरे चार वर्षांचे, बालवाडीत जाणारे. आजी एका तासाच्या अंतरावर राहणाऱ्या.

ज्यांच्या घरी कोणी मुंबईच्या गिरणीत होते त्यांना पाळी म्हणजे काय हे सांगावयास नको. त्या गिरण्या गेल्या, पण पहिली, दुसरी व रातपाळी ही नावे आपल्या तोंडी अजून आहेत. त्या बाईंची पहिली पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. दुसरी दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. आणि रातपाळी रात्री नऊ ते सकाळी साडेसहा. येण्याजाण्यास प्रत्येक वेळी अर्धा तास. कोणत्या आठवड्यात कोणती पाळी, हे इस्पितळ ठरविणार आणि महिन्याचा तक्ता भिंतीवर लावणार.

कार्यालयात नऊ ते पाच जाणाऱ्या आईच्या घरी तीस तासांचा हिशेब आपोआप बसतो. पाळीच्या घरी तो आपोआप कधीच बसत नाही. कारण पाळी आठवड्याला फिरते. मुलांची शाळा, मुलीचा भाषेचा वर्ग आणि रविवारची मिस्सा मात्र फिरत नाहीत. फिरणारे चाक व न फिरणारा खांब ह्यांच्यामध्ये जे सापडते ते भरडले जाते. येथे ती मुलगी सापडली.

वहीने केलेला न्याय

त्या बाईंना मी म्हणालो, "मुलीला आज परत बोलावू नका, आणि तिला सोसत राहा असेही सांगू नका. तिला म्हणावे, एक वही घे. रोज काम केव्हा सुरू झाले व केव्हा संपले तेवढेच लिही. तक्रारीचा एक शब्दही लिहू नकोस. तीन आठवड्यांनी मला कळव."

तीन आठवडे, तीन पाळ्या. तिच्या वहीचा हिशेब असा होता.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात आई पहाटे साडेपाचला घर सोडी. तेव्हापासून मुलांना उठविणे, न्याहारी देणे व साडेआठपर्यंत शाळेत पोहोचविणे. हे तीन तास. आईला इस्पितळात अनेकदा उशीर होई, म्हणून दुपारी तीन ते पाच आणखी दोन तास. दिवसाचे पाच, पाच दिवसांचे पंचवीस. हा आठवडा नियमात बसला. सकाळी नऊला भाषेच्या वर्गास जाताही आले.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुलांना दुपारी तीनला आणावयाचे आणि आई रात्री दहाला येईपर्यंत थांबावयाचे. दिवसाचे सात तास. पाच दिवसांचे पस्तीस. त्यात शनिवारी सकाळी चार तास साफसफाई. एकूण एकोणचाळीस. म्हणजे आठवड्याची मर्यादा नऊ तासांनी ओलांडली, दिवसाची मर्यादा रोज एका तासाने ओलांडली, आणि चार मोकळ्या संध्याकाळींच्या जागी दोनच उरल्या.

रातपाळीच्या आठवड्याचे काय? त्या घरी हिशेब असा होता की रात्री मुले झोपतात, मुलगीही झोपते, मग काम कसले? म्हणून रात्री साडेआठ ते सकाळी सात हे साडेदहा तास कोणी मोजलेच नव्हते. पण ज्या घरात दोन लहान मुले आहेत आणि दुसरे मोठे माणूस नाही, तेथे झोपणे म्हणजे राखण करणे होय. रानात पिकाची राखण करणारा मचाणावर डोळा मिटतो म्हणून त्याला कोणी रिकामा म्हणत नाही. रोज साडेदहा तासांची राखण सहा तासांच्या मर्यादेत कोणत्याच गणिताने बसत नाही.

आणि त्याच आठवड्यातील तिसऱ्या रात्री लहानग्याला ताप भरला. मुलीने आईला फोन केला. आईचा फोन इस्पितळातील कपाटात होता. वॉर्डचा क्रमांक घरात कोठेच लिहिलेला नव्हता. जर्मन भाषा अजून तोडकीमोडकी. तिने शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचे दार ठोठावले, त्यांनी रात्रीच्या डॉक्टरांच्या सेवेला फोन केला, आणि परमेश्वराच्या कृपेने सारे निभावले. निभावले नसते तर? तो दोष त्या मुलीवर आला असता, आणि तो मुळीच तिचा नव्हता.

दोषी कोण?

वही वाचून मला त्या परिचारिकेचा राग आला, हे मी लपवीत नाही. पुढे विचार करता तो निवळला. ती बाई सुखासीन नव्हती. रात्रभर दुसऱ्यांच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करून सकाळी घरी येई, दोन-चार तास झोपे आणि मुले यावयाच्या आत उठे. तिलाही रविवार क्वचितच लाभत. जर्मन कायद्याप्रमाणे रविवारी काम करावे लागणाऱ्या कामगारालाही वर्षातून निदान पंधरा रविवार मोकळे मिळावयास हवेत, पण इस्पितळांना सामुदायिक कराराने ह्याहूनही कमी रविवार ठरविता येतात. थकलेला मनुष्य दुसऱ्याची थकवण मोजीत नाही. तिने मुलीचे तास चोरले नव्हते. तिने ते मोजले नव्हते, इतकेच. पण न मोजण्याने होणारी हानी चोरीने होणाऱ्या हानीपेक्षा कमी नसते.

थोडा दोष मुलीकडेही होता. ती भिडेपोटी गप्प राहिली. वडीलधाऱ्यांनी सांगितलेले काम निमूट करावे ही आपली शिकवण. ती वाईट नाही. परंतु भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वजच सांगून गेले आहेत. परक्या देशात, जेथे मालकीण स्वतःच "तुला चालेल ना?" असे विचारते, तेथे "नाही चालणार" असे नम्रपणे म्हणणे हा उद्धटपणा ठरत नाही, उलट न बोलणाऱ्याचे सारे चालते असाच तेथील समज.

आणि मोठा दोष कराराच्या कागदात होता. त्यात "आठवड्यास तीस तास" असे लिहिले होते, आणि आई पाळीत काम करते हे कोठेच लिहिले नव्हते. मुलीच्या घरच्यांनीही ते विचारले नव्हते.

मेजावर मांडलेला महिना

मुलीने ती वही एका रविवारी दुपारी, वडील घरी असताना, मेजावर ठेवली. ती म्हणाली, "मला हे घर सोडावयाचे नाही. मुलांचा मला लळा आहे. पण हे तास एकदा आपण सर्वांनी बघावेत." तिने मला नंतर कळविले की बाईंनी वही दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "इस्पितळात असा तक्ता कोणी माझ्यापुढे ठेवला असता, तर मी कधीच सही केली नसती."

त्या दिवशी त्यांनी जी रीत ठरविली ती कोणत्याही पाळीच्या घरास उपयोगी पडेल, म्हणून विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट, क्रम. महिन्याचा तक्ता आला की आधी दिनदर्शिकेवर मुलीच्या भाषेच्या वर्गाचे दिवस लिहावयाचे. मग तिचे मोकळे दिवस व रविवार. मग मुलांच्या शाळेच्या सुट्या. आणि शेवटी आईच्या पाळ्या. पूर्वी हा क्रम उलटा होता. आधी पाळ्या लिहिल्या की उरलेल्या फटीत मुलीचे आयुष्य कोंबले जाई.

दुसरी गोष्ट, रातपाळी. ती मुलीवर मुळीच टाकावयाची नाही, असे ठरले. जर्मनीच्या कामाच्या तासांच्या कायद्यात एक तरतूद आहे: ज्या कामगाराच्या घरी बारा वर्षांखालील मूल आहे आणि घरातील दुसरे कोणी त्याचा सांभाळ करू शकत नाही, त्याला, कामाच्या तातडीच्या गरजा आड येत नसतील तर, दिवसाच्या कामावर बदली मागता येते. बाईंनी ह्या तरतुदीचा उल्लेख करून मुख्य परिचारिकेशी बोलणे केले. रातपाळी अजिबात सुटली नाही, पण ती शुक्रवार-शनिवारवर आणता आली, कारण त्या रात्री वडील घरी असतात. सकाळी वडिलांनी मुलांना बाहेर न्यावयाचे, म्हणजे आईला झोप मिळते आणि मुलीला तिचा शनिवार-रविवार मिळतो.

तिसरी गोष्ट, दुसरी पाळी. चार मोकळ्या संध्याकाळी द्यावयाच्या तर आठवड्यात मुलीला तीनपेक्षा अधिक संध्याकाळी अडकविता येत नाही. म्हणून सलग पाच दुसऱ्या पाळ्या ह्या घराला परवडत नाहीत. येथे आणखी एक नियम लक्षात घ्यावा लागला. दोन पाळ्यांमध्ये कामगाराला अकरा तासांची विश्रांती हवी. इस्पितळात भरपाईच्या अटीवर ती एका तासाने कमी करता येते. रात्री साडेनऊला सुटून सकाळी सहाला हजर होणे ह्यात साडेआठच तास होतात. तेव्हा दुसरीनंतर पहिली पाळी लागोपाठ घेता येत नाही. पहिलीनंतर दुसरी घेता येते. म्हणून आठवडा असा बसला: सोमवार-मंगळवार पहिली पाळी, बुधवार-गुरुवार-शुक्रवार दुसरी.

आता तास मोजू. सोमवार व मंगळवार, पहाटे साडेपाच ते साडेआठ, तीन-तीन तास. दुपारी तीनला आईच मुलांना आणते. बुधवार व गुरुवार, मुले शाळेत व बालवाडीत चारपर्यंत थांबतात आणि मुलगी चार ते दहा सांभाळते, सहा-सहा तास. शुक्रवारी चारपासून वडील सातला येईपर्यंत तीन तास. बेरीज एकवीस. सोमवार, मंगळवार व शुक्रवारी एकेक तास कपडे व झाडलोट, एकूण चोवीस. दिवसाची मर्यादा एकदाही मोडत नाही. सोमवार, मंगळवार, शनिवार व रविवार ह्या चार संध्याकाळी पूर्ण मोकळ्या. तीसपैकी सहा तास शिल्लक राहतात, आणि ते मुद्दाम शिल्लक ठेवले आहेत. वॉर्डात कोणी आजारी पडून आईला थांबवून घेतले, मुलाला सर्दी झाली, गाडी चुकली, की हे सहा तास उपयोगी पडतात. सारे तीस तास आधीच भरून ठेवणारे घर पहिल्याच अडचणीला नियम मोडते.

आई शनिवार-रविवारी कामावर असेल त्या आठवड्यात तिला मधले दोन दिवस सुटी मिळते, आणि त्या दिवसांत मुलीचेही काम तितकेच कमी होते. चौथा आठवडा बसेनासा झाला तर आजी दोन दिवस राहावयास येतात. पाळीच्या घरी तिसरा हात लागतोच. तो आजीचा असो, शेजाऱ्याचा असो, की तासावर पैसे देऊन बोलाविलेल्या बाईचा असो. पण तो आधी शोधून ठेवावा लागतो. ओ पेर मुलगी हा एक हात आहे, दोन हात नव्हेत.

चौथी गोष्ट, आयत्या वेळचा बदल. तो आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगावयाचा, आणि वर्गाचा दिवस असेल तर मुलीला "नाही" म्हणण्याचा हक्क. घेतलेला जादा तास त्याच आठवड्यात परत.

पाचवी गोष्ट, एक कागद. दाराशी एक कागद लावला: वॉर्डचा थेट क्रमांक, वडिलांचा, आजीचा व शेजारणीचा क्रमांक, तातडीसाठी ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टरांसाठी ११६११७. हा कागद पहिल्या दिवशी लावावयाचा होता. बैल गेला नि झोपा केला असे झाले नाही, हे नशीब.

सुटीचे गणित

कामाचे तास जुळले तरी रजेचा घोळ राहतो. जर्मन शाळांना वर्षाकाठी सुमारे बारा आठवडे सुटी असते. आईबापांची रजा कायद्याने निदान चार आठवडे, सामुदायिक करारात असल्यास त्याहून जास्त. आणि इस्पितळात ती फार आधी नोंदवावी लागते. मुलीची रजा चार आठवडे. ह्या तीन रजा आपोआप एका वेळी येत नाहीत, आणि त्यांनी तसे यावे असेही नाही.

त्या घरी पूर्वी असा समज होता की कुटुंब समुद्रकिनारी गेले आणि मुलीला बरोबर नेले, म्हणजे तिची रजा झाली. हा समज चुकीचा आहे. बरोबर गेलेल्या मुलीला मुले सांभाळावी लागत असतील आणि हजर राहावेच लागत असेल, तर ते काम होय, मग समोर समुद्र असो वा डोंगर. तिला काम नाही आणि हजर राहण्याचे बंधनही नाही, तरच ती रजा.

शेवटी ठरले ते असे. उन्हाळ्यात आईबाप दोघे एकदम रजेवर असतील तेव्हा दोन आठवडे मुलीची रजा. त्या वेळी कोणाचीच अडचण नाही. एक आठवडा तिच्या भाषेच्या परीक्षेआधी. उरलेला आठवडा तिने मागितला तेव्हा. नाताळचा प्रश्न वेगळा काढला. वॉर्डात नाताळ किंवा नववर्ष, दोहोंपैकी एकच दिवस मोकळा मिळतो. आईने नोव्हेंबरातच विचारले, "तुला कोणता दिवस जास्त हवा?" मुलगी म्हणाली, "नाताळची रात्र." आईने नाताळच्या रात्रीची सुटी मागून घेतली व नववर्षाचा दिवस स्वतः कामावर काढला. मुलगी मध्यरात्रीच्या मिस्सेला गेली, आणि मुलांनाही बरोबर घेऊन गेली. पण ते कामाच्या तासांत धरू नका असे तिनेच सांगितले.

रविवारच्या मिस्सेची वाटही अशीच सापडली. महिन्यातून एखाद्या रविवारी ती कामात असली, तर शनिवारी संध्याकाळी होणारी मिस्सा तिला मिळते. तेथील बहुतेक धर्मग्रामांत ती असते. वेळ विचारून ठेवला की झाले.

आईबापांस चार शब्द

ज्यांच्या मुली जाऊ पाहतात त्यांनी एवढे करावे. करारावर सही होण्याआधी त्या घरच्या आईबापांचे कामाचे तास विचारावेत. पाळी आहे काय? रात्री घरी कोण? दुसरा हात कोणाचा? उत्तर लेखी घ्यावे. भाषेचा वर्ग घरापासून किती दूर आहे ते पाहावे. करार मोडावयाचा झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची हे वाचावे. साधारणतः ती दोन आठवड्यांची असते, आणि गंभीर कारण असेल तर थांबण्याची सक्ती नसते. अडचणीत कोणाकडे जावयाचे तो पत्ता मुलीजवळ असावा. जर्मनीत "इन व्हिया" ही कॅथलिक संस्था तरुण मुलींच्या मदतीसाठी शंभरांहून अधिक वर्षे काम करीत आली आहे, आणि ओ पेर मुलींना सल्ला देणे हेही तिचे एक काम आहे.

आणि एक गोष्ट कटू वाटली तरी सांगतो. २८० युरो हा पगार नव्हे. तिकडील महागाईत तो मुलीचा हातखर्च आहे. त्यातून घराचे कर्ज फेडावे, भावाची फी भरावी, अशी आशा धरून मुलीला पाठवू नये. अशी आशा धरली की मुलगी जादा काम स्वतःहून मागते, आणि मग तिचे तास कोणीच मोजीत नाही. ती एक वर्ष भाषा व जग शिकण्यास गेली आहे. त्याचे फळ पुढे येईल.

आणि आपल्या घरी?

ही हकीकत त्या बाईंना मी सविस्तर सांगितली. त्यांचे समाधान झाले. उठता उठता त्या जरा थबकल्या व म्हणाल्या, "फादर, माझी थोरली सून इस्पितळात रातपाळी करते. तिच्या पोरांना सांभाळायला आम्ही खालच्या वाडीतली एक पोर ठेवली आहे. सोळा वर्षांची. ती रात्री आमच्याकडेच निजते."

मी विचारले, "तिचे तास किती?"

त्या काही बोलल्या नाहीत. पाऊस थांबला होता, तरी त्यांनी छत्री उघडली आणि मिटली.

वाचकहो, परदेशी गेलेल्या आपल्या मुलीसाठी आपण चार संध्याकाळी मागतो, रविवार मागतो, वर्ग मागतो, विमा मागतो. ते योग्यच आहे. पण आपल्या स्वयंपाकघरात निजणाऱ्या परघरच्या मुलीला आपण ह्यांपैकी काय देतो? तिची शाळा सुटली त्याची चौकशी कोणी केली? ती रविवारी मिस्सेला येते, की आपण मिस्सेला यावे म्हणून ती घरी राहते?

पुढच्या आठवड्यात त्या बाई पुन्हा आल्या. पिशवीतून त्यांनी एक शंभर पानी वही काढली. म्हणाल्या, "ही त्या पोरीसाठी घेतली. तास मीच लिहिणार आहे, तिला लिहायला वेळ लागतो. आणि जूनपासून तिला रात्रशाळेत घालायचे ठरवले आहे. संध्याकाळी पोरांना मी बघेन."

एका वहीची किंमत ती काय? ज्या ज्या घरी दुसऱ्याची मुलगी कामास आहे, त्या त्या घरी अशी एक वही असावी.